दोन गाड्यांमधलें नगर

श्रोत्यांपैकीं अनेकांनीं नगरचें रेल्वेस्थानक पाहिलें असेल. शहर मात्र पाहिलें नसेल. मनमाडकडून दौंडकडे जाणारी गाडी येथें कांहीं मिनिटें थांबते, खिडकींतून चहाचे पेले आंत येतात, एखादा उतारू खालीं उतरून पाय मोकळे करतो, आणि शिटी होतांच धांवत आपल्या डब्यांत शिरतो. मोटारीनें जाणाऱ्याची कथाहि याहून फारशी निराळी नाहीं. पुण्याहून शिर्डीस, शनिशिंगणापुरास किंवा वेरुळास निघालेलें कुटुंब नगरला पोंचतें तें बहुधा जेवणाच्या वेळीं. जेवण उरकतें, मुलांच्या बाटल्यांत पाणी भरलें जातें, आणि गाडी पुढें निघते. पांचशें वर्षांहून अधिक काळ उभें असलेलें एक राजधानीचें शहर अशा रीतीनें भोजनगृहाच्या पायरीवरूनच पाहून होतें.

उत्तर समुद्रांतील बंदरांत याच्या उलट प्रकार आढळतो. नॉर्वेच्या किनाऱ्यावर बर्गेन, ट्रॉम्सो अशीं गांवें आहेत. तेथें प्रवासी जहाज धक्क्याला लागलें कीं उतारूंना मोजके तास मिळतात. परत येण्याची वेळ अगोदरच सांगितलेली असते. जो चुकला तो मागें राहिला. म्हणून उतारू खालीं उतरतांनाच आपला बेत ठरवून उतरतो. बर्गेनला तो प्रथम टेंकडीवर जातो आणि गांव व खाडी एका दृष्टिक्षेपांत पाहून घेतो. मग खालीं येऊन धक्क्यावरचीं व्यापाऱ्यांचीं जुनीं लाकडी घरें पाहतो, मासळीबाजारांत घटकाभर हिंडतो, आणि जहाजावर परततो. सर्व गांव आपल्याला पाहावयास मिळणार नाहीं, हें त्यानें पत्करलेलें असतें. या पत्करण्यानेंच त्याचे चार तास सुखाचे होतात.

नगरला समुद्र नाहीं. निजामशाहीला बंदर होतें तें दूर कोंकणांत, चौलचें. आणि तेथें तळ देऊन बसलेल्या पोर्तुगीजांना हुसकण्यासाठीं मूर्तजा निजामशहानें १५७०-७१ सालीं जो वेढा घातला तोहि निष्फळ झाला. परंतु सपाट, कोरड्या मुलखांतून लांबवर जाणाऱ्या वाटा जेथें एकमेकींना मिळतात, तें गांव वाटसरूंचें बंदरच होय. पुण्याचा, मनमाडचा, छत्रपति संभाजीनगरचा, सोलापूरचा, पाथर्डीकडून मराठवाड्यांत उतरणारा, असे सगळे रस्ते नगरांत येऊन मिळतात. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला तेव्हांपासून त्यांत आगगाडीची भर पडली. अशा गांवीं दोन गाड्यांच्या मध्यें, किंवा दोन देवस्थानांच्या मध्यें, पांच-सहा तास हातीं आले तर ते कसे घालवावे, एवढाच येथें विषय आहे.

आरंभीं नांवाचा उलगडा केलेला बरा. २०२४ सालीं शहराला व जिल्ह्याला अहिल्यानगर हें नांव देण्यांत आलें. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ सालीं याच जिल्ह्यांत, जामखेड तालुक्यांतील चौंडी गांवीं झाला. पूर्वींचें अहमदनगर हें नांव संस्थापकाचें. मलिक अहमद हा जुन्नरकडचा बहामनी अधिकारी; त्यानें १४९० सालच्या मे महिन्यांत भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला, स्वतंत्रपणें राज्य करण्यास आरंभ केला, आणि पुढें चार वर्षांनीं त्याच रणभूमीजवळ सीना नदीच्या डाव्या तीरावर शहर वसविण्यास घेतलें. बोलण्यांत मात्र लोक पूर्वींहि ‘नगर’ म्हणत आणि आजहि ‘नगर’च म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढें पुरतें.

ज्याच्या हातीं फक्त तीन तास आहेत त्यानें इतर सर्व मोह सोडून किल्ल्यावर जावें. ‘किल्ल्यावर’ हा शब्द येथें खरा नाहीं, कारण चढावयाचें कांहींच नाहीं. हा भुईकोट. शहराच्या पूर्वेस सपाट जमिनीवर जवळजवळ वर्तुळाकार असा तो बसला आहे. पहिला कोट मातीचा होता. हुसेन निजामशहानें १५५९ ते १५६२ या काळांत तो दगडी केला. भोंवतीं रुंद खंदक आहे. सिंहगड-राजगड पाहून आलेल्या मनुष्याला प्रथम वाटतें कीं, हा कसला किल्ला! डोंगरी किल्ल्याचें बळ डोळ्यांना दिसतें, भुईकोटाचें दिसत नाहीं. पण डोंगरावर चढणाऱ्या शत्रूला कड्याच्या, झाडीच्या, घळीच्या आडोशाला लपतां येतें; येथें खंदकापर्यंत येणाऱ्याला तसा आडोसा मिळत नाहीं. कोट वाटोळा असल्यामुळें तोफेला सांपडणारा उघडा कोपराहि नाहीं. खंदकाच्या कांठानें थोडें चालून पाहिलें म्हणजे ही गोष्ट पुस्तकावांचून समजते.

किल्ला लष्कराच्या ताब्यांत आहे, ही गोष्ट विसरूं नये. ओळखपत्र जवळ असावें, आणि त्या दिवशीं आंत सोडतात कीं नाहीं हें निघण्यापूर्वींच विचारून घ्यावें. कडेवर मूल आणि डोक्यावर ऊन घेऊन दरवाज्यापर्यंत जावें आणि परत फिरावें, यासारखी निराशा दुसरी नाहीं. ज्या घरांत म्हातारीं माणसें बरोबर असतील त्यांनीं तर ही चौकशी केल्याशिवाय रिक्षा करूंच नये.

या कोटाच्या दोन कथा आहेत आणि दोन्ही वेढ्याच्याच आहेत. पहिली चांदबिबीची. ती हुसेन निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. माहेरीं गादीवरून सरदारांचीं भांडणें माजलीं, त्यांतल्याच एका पक्षानें मोंगलांना बोलावणें धाडलें, आणि १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याचें सैन्य किल्ल्याभोंवतीं येऊन बसलें. बोलावणाऱ्याला पश्चात्ताप झाला, पण बोलावलेला पाहुणा जाईना. तेव्हां चांदबिबीनें किल्ल्याचा कारभार हातीं घेतला. मोंगलांनीं तटाखालीं सुरुंग नेले. आंतल्या लोकांना त्यांचा सुगावा लागला आणि त्यांनीं कांहीं सुरुंगांतील दारू काढून टाकली; एक राहून गेला तो उडाला आणि तटाला मोठें खिंडार पडलें. त्या वेळीं ही विधवा राणी बुरखा घेऊन, हातांत तलवार धरून खिंडाराच्या तोंडाशीं उभी राहिली, असें इतिहासकार सांगतात. दिवसभर हल्ले परतविण्यांत आले आणि रात्रींतून खिंडार बुजविण्यांत आलें. १५९६ सालीं तह झाला. वऱ्हाड द्यावें लागलें, पण नगर वांचलें. दारूगोळा संपल्यावर तिनें तांब्याचीं, मग रुप्याचीं, मग सोन्याचीं नाणीं तोफांत घालून उडविलीं, ही कथा मागाहून रचलेली दिसते. तिची गरजहि नाहीं. एका रात्रींत बांधून काढलेली भिंत तिच्याहून मोठी आहे. चार वर्षांनीं मोंगल पुन्हां आले. चांदबिबी तहाचें बोलणें करूं लागली, तेव्हां ‘ही शत्रूला मिळाली’ अशी हूल उठली आणि तिच्याच माणसांनीं तिचा वध केला. त्यानंतर थोड्याच काळांत, १६०० सालीं, किल्ला पडला.

दुसरी कथा साडेतीनशें वर्षांनंतरची; आणि तींत वेढलेले लोक बाहेर येऊं नयेत म्हणून वेढा होता. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईस काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडण्यांत आलें आणि खास गाडीनें हलविण्यांत आलें. गांधीजींना वाटेंत उतरवून पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत नेलें. कार्यकारिणीचे सभासद पुढें नगरच्या किल्ल्यांत आले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, शंकरराव देव, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब असे बारा जण. ते कोठें आहेत हें सरकारनें प्रथम गुप्त ठेवलें होतें. ज्या इमारतींत ते राहिले ती किल्ल्यांत जपून ठेवलेली आहे आणि पाहणाऱ्यांना दाखविण्यांत येते.

तिची लांब ओळ पाहतांना मनांत एक हिशेब करावा. पंडितजींनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथें १९४४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत लिहिला. म्हणजे पहिलें दीड-पावणेदोन वर्ष लेखणी त्या ग्रंथाकडे वळली नव्हती. त्या काळांत आणि पुढेंहि ते अंगणांत कुदळ घेऊन बाग खणीत. खणतां खणतां जुन्या भिंती आणि जमिनींत गडप झालेल्या घुमटांचे माथे लागूं लागले. एकदां तर भिंतीवर कोरलेलें एक सुंदर कमळ निघालें. फार खोल खणणें अधिकाऱ्यांना रुचण्याजोगें नव्हतें, म्हणून काम तेथेंच थांबलें. ही हकीकत त्यांनींच ग्रंथाच्या आरंभीं नोंदविली आहे. हिंदुस्थानच्या भूतकाळाचा शोध घेणाऱ्या पुस्तकाची सुरुवात अशी अक्षरशः कुदळीनें झाली.

मौलाना आझादांची कथा याहून एकांताची. पहाटे लौकर उठून स्वतःच्या हातानें चिनी चहा करावा आणि आपल्या एका विद्वान मित्राला पत्र लिहावें, असा त्यांचा क्रम होता. पत्रें टपालांत पडणार नाहींत हें ठाऊक असून तीं लिहिलीं जात होतीं. चहाची चव, खोलींत घरटें करणाऱ्या चिमण्या, संगीत, तत्त्वज्ञान, अशा विषयांवरचीं तीं पत्रें पुढें १९४६ सालीं ‘गुबार-ए-खातिर’ या नांवानें प्रसिद्ध झालीं आणि उर्दू गद्याचा एक अलंकार ठरलीं. १९४३ च्या एप्रिलांत त्यांची पत्नी कलकत्त्यास वारली. आजाराच्या तारा येत होत्या. परंतु भेटीसाठीं सरकारकडे याचना करण्यास मौलाना कबूल झाले नाहींत. चिमण्यांची गंमत सांगणारीं पत्रें आणि हें पत्र एकाच खोलींतून निघालीं. किल्ला पाहण्यास अर्धा तास पुरतो असें म्हणणाऱ्यांनीं येथें थोडें अधिक थांबावें.

किल्ल्याच्या बाजूलाच, शहराच्या पूर्वेस, दमडी मशीद आहे. ही १५६७ च्या सुमाराची. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनीं एकेक दमडी घालून ती बांधविली असें लोक सांगतात. तिचा कर्ता म्हणून साहिरखान याचें नांव दिलें जातें. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतील. वास्तु अगदीं लहान, पण दगडावरचें कोरीव काम असें कीं नगरांत त्याला जोड नाहीं. मोठ्या इमारती पाहून थकलेला डोळा या लहान इमारतीवर विसावतो. तिच्यासाठीं निराळा वेळ काढावा लागत नाहीं, म्हणूनच तिचा विसर पडतो.

सहा तास असतील त्याला शहराबाहेर जातां येईल. पूर्वेकडे पाथर्डीच्या रस्त्यानें सुमारें तेरा किलोमीटरांवर शहा डोंगर लागतो. त्याच्या माथ्यावर अष्टकोनी, तीन मजली, दगडी इमारत उभी आहे. नगरच्या भोंवतालच्या मैलोगणती मुलखांतून ती दिसते. तिला सर्व लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. फलकावर तेंच, रिक्षावाल्याच्या तोंडीं तेंच, शाळेच्या सहलीच्या चिठ्ठीवरहि तेंच. चांदबिबीचा या इमारतीशीं कांहीं संबंध नाहीं. ही सलाबतखान नांवाच्या मंत्र्याची कबर. एका शूर स्त्रीचें नांव लोकांनीं प्रेमानें या माथ्यावर ठेवलें, यांत वाईट कांहीं नाहीं. पण त्यामुळें ज्याचें थडगें तोच विस्मरणांत गेला, आणि तो विसरण्याजोगा मनुष्य नव्हता.

सलाबतखानाची गोष्ट समजण्यासाठीं फराहबागेची गोष्ट सांगितली पाहिजे. शहराच्या आग्नेयेस दोन-तीन किलोमीटरांवर ही बाग होती. मोठ्या तलावाच्या मध्यभागीं अष्टकोनी महाल, आंत उंच घुमटाचें दालन, आणि डोंगराकडून नळानें आणलेलें पाणी चहूंकडे. एकानें बांधावा, दुसऱ्यानें पाडावा, असें होत होत अखेर सलाबतखानाच्या देखरेखीखालीं १५८३ सालीं तो पुरा झाला. आज तलाव कोरडा आहे आणि महालाची पडझड झालेली आहे. या महालांत मूर्तजा निजामशहा जगापासून दूर होऊन बरींच वर्षें राहिला. ‘दिवाणा’ हें त्याचें टोपणनांव इतिहासांत राहून गेलें आहे. बुद्धिबळ खेळावें आणि फतेशहा नांवाच्या आवडत्या गवयाचा सहवास घ्यावा, हा त्याचा उद्योग. राज्य चालविण्याचा उद्योग सलाबतखानाचा.

पुढची हकीकत फेरिश्ता या इतिहासकारानें दिली आहे, आणि फेरिश्ता त्या वेळीं नगरच्याच दरबारीं होता. त्या आवडत्या माणसानें राजाकडे दोन रत्नहार मागितले. ते विजयनगरच्या रामराजाच्या लुटींतले, राज्याच्या खजिन्यांतले मोलाचे अलंकार. राजानें देऊं केले. सलाबतखानानें ते न देतां त्याच घाटाचे खोटे हार दिले. फसवणूक उघडकीस आली, राजा संतापला आणि त्यानें जवाहिरखान्यांतील वस्तु आगींत टाकविल्या. यानंतर राजाचें मन मंत्र्यावरून उडालें तें उडालेंच. एके दिवशीं राजानें त्याच्या अवज्ञेबद्दल तक्रार केली, तेव्हां मंत्र्यानें विचारलें कीं कोणत्या किल्ल्यांत कैदेंत जाऊं. दंडाराजपुरीचें नांव निघालें. सलाबतखानाच्या हातीं सैन्य होतें, सत्ता होती, मित्र ‘बंड करा’ म्हणून विनवीत होते. त्यानें स्वतःच्या पायांत स्वतःच बेड्या चढविल्या आणि पालखींतून कैदेकडे निघाला. त्याच्यामागें राज्याची जी दशा झाली ती सांगण्यास एक ओळ पुरे: १५८८ सालीं मूर्तजाला त्याच्याच मुलानें स्नानगृहांत कोंडून मारलें. सलाबतखान कैदेंतून सुटून परत आला, पण फार काळ जगला नाहीं. शहा डोंगरावरील कबरींत तो आहे.

हें जाणून वर गेलें म्हणजे इमारत निराळी दिसते. तिच्यावर कोरीव काम जवळजवळ नाहीं. साध्या कमानी, एकावर एक. नगरची हवा कोरडी आणि वारा मोकळा. वरच्या मजल्यावर उभें राहिलें कीं कपडे फडफडतात आणि बोलणें ऐकूं येत नाहीं. पावसाळ्याच्या अखेरीस सभोंवारचीं रानें हिरवीं असतात. उन्हाळ्यांत सगळें पिवळें. वर पाण्याची सोय धरून जाऊं नये, पाणी बरोबर न्यावें. रिक्षा ठरवितांना जाणें, थांबणें आणि परत येणें असें तिन्हींचें मिळून भाडें ठरवावें, कारण परतीचें वाहन तेथें सहज मिळत नाहीं. सायंकाळची वेळ सर्वांत चांगली. मात्र रात्रीची गाडी ज्याला पकडावयाची आहे त्यानें सूर्य बुडण्याची वाट पाहूं नये.

डोंगराच्या बाजूनें येणाऱ्या नळांचा उल्लेख वर आला. नगरच्या स्थापनेंतील खरी अवघड गोष्ट ही पाण्याचीच होती. पर्जन्यछायेंतला मुलूख, नदी सीनेसारखी, उन्हाळ्यांत जवळजवळ वाळूची. तेथें राजधानी, फौज, हत्ती आणि इतक्या बागा! कापूरवाडी, वडगांव, शेंडी अशा उंच बाजूच्या गांवांच्या पायथ्याशीं पाणी धरून, जमिनीखालून बांधीव चरांनीं व खापरी नळांनीं, केवळ उताराच्या बळावर तें शहरांत व महालांत खेळविलेलें होतें. उगम शहराहून उंच असला आणि वाटेंत उतार कोठें मोडला नाहीं म्हणजे पाणी आपोआप चालतें. पंप नको, मोट नको. मात्र एका जागीं खापर फुटलें कीं पुढचें सगळें गांव तहानेलें. या नळांचे अवशेष मुद्दाम पाहावयास जाण्याची सवड घाईच्या प्रवाशाला होणार नाहीं. पण नगरची कोणतीहि जुनी बाग, हौद किंवा हमामखाना पाहतांना ही जमिनीखालची अर्धी इमारत डोळ्यांपुढें आणावी.

शहराच्या दुसऱ्या टोंकाला, दिल्ली दरवाज्याच्या बाजूला सीनेजवळ, बाग रोझा म्हणजे संस्थापक अहमद निजामशहाची कबर आहे. काळ्या दगडाची, चौरस, गंभीर इमारत. आवारांत एका हत्तीचें स्मारक दाखवितात. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत रामराजाला पकडणारा गुलामअली हत्ती तो हाच, असें सांगतात. मुलांना राजापेक्षां हत्तीची जागा अधिक लक्षांत राहते, आणि त्यांत मुलांचें चुकत नाहीं. तालिकोटला गाजलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही अजस्र तोफहि १५४९ सालीं नगरलाच ओतली गेली. ती आतां विजापूरच्या बुरुजावर आहे.

मुलांचा विषय निघालाच आहे तर रणगाड्यांचें संग्रहालय सांगावें लागेल. चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र नगरला आहे; त्यानें १९९४ सालीं हें संग्रहालय उघडलें. पहिल्या महायुद्धाच्या काळची रोल्स-रॉईसची चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धांतले ब्रिटिश व जपानी रणगाडे, १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन, आपला विजयंत, असे सुमारें पन्नास रणगाडे व गाड्या उघड्यावर रांगेनें उभ्या आहेत. मुलगा बारा वर्षांचा असेल तर किल्ल्याचा वेळ कापून येथें द्यावा लागेल. त्याला इलाज नाहीं.

उलट ज्या घरांतल्या स्त्रियांना रणगाडे किंवा कबरी यांपैकीं कशाचीच हौस नसेल, त्यांनीं सरळ कापडबाजारांत जावें. नगर हें लुगड्यांच्या विणकामाचें जुनें गांव. तेलंगणांतून आलेल्या पद्मसाळी कुटुंबांनीं तो धंदा येथें वाढविला. हातमाग आतां जवळजवळ थांबले, पण साड्यांची पेठ टिकली, आणि आसपासच्या तालुक्यांतले लोक लग्नाचा बस्ता बांधण्यास येथेंच येतात. बस्त्याच्या दिवसांत दुकानांतील गादीवर बसून दोन्ही घरच्या बायकांची जी मसलत चालते, तिच्यापुढें तालिकोटची मसलत फिकी पडावी. एस. टी. च्या माळीवाडा स्थानकाजवळ विशाल गणपतीचें देऊळ आहे. तें नगरचें ग्रामदैवत. गाडीला पाऊण तास उरलेला असतां तेवढें दर्शन सहज होतें.

वाचनाची आवड असलेल्यांसाठीं आणखी एक नगर आहे, आणि तें इमारतींत फारसें सांपडत नाहीं. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं येथें काम सुरू केलें. मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यांत शाळा काढण्याची स्फूर्ति मिळाली, आणि पुढें सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे घेतले तेहि फरारबाईंकडे, याच गांवीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा बराच संसार नगरला झाला. ‘स्मृतिचित्रें’ ज्यांच्या घरीं वाचलें गेलें असेल त्यांना मिशनच्या आवारावरून रिक्षा जातांना निदान मान वळवून पाहावेंसें वाटेल. भिंगारचें नांवहि असेंच वाचनांतून ओळखीचें. १७०६ च्या आरंभीं औरंगजेब थकून नगरला परत आला आणि ३ मार्च १७०७ रोजीं येथेंच त्याचा अंत झाला. देह खुलताबादला नेण्यांत आला. भिंगारला आलमगीर दर्ग्याची जागा तेवढी उरली आहे. मराठ्यांचें राज्य बुडविण्यासाठीं दक्षिणेंत पंचवीस वर्षें घालविलेल्या बादशहाचा शेवटचा मुक्काम पाहावा असें कोणाला वाटेल, कोणाला वाटणार नाहीं. लष्करी छावणीच्या रस्त्यानें फराहबागेकडे जाणाऱ्याला तो आडवाटेचा नाहीं, एवढें खरें.

एकाच दुपारीं हें सगळें गांठण्याचा उद्योग मात्र कोणीं करूं नये. किल्ला, शहा डोंगर, फराहबाग, बाग रोझा आणि रणगाडे अशी पांची स्थळें एका दिवसांत उरकून आलेला प्रवासी घरीं गेल्यावर कोणता घुमट कोठला तें सांगूं शकत नाहीं. सकाळीं उतरलेल्यानें किल्ला आणि दमडी मशीद पाहावी, जेवावें, ऊन उतरेपर्यंत सावलींत बसावें, आणि मग शहा डोंगराकडे निघावें. दुपारीं उतरलेल्यानें किल्ला व बाजार यांवर समाधान मानावें. पावसाच्या दिवशीं सर्व बेत सोडून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय गांठावें. तें १९६० सालीं स्थापन झालें असून जुन्या हस्तलिखितांचा, नाण्यांचा व चित्रांचा संग्रह तेथें आहे.

ज्यांना यांतलें कांहींच जमलें नाहीं आणि जे दौंडकडच्या गाडींतच बसून राहिले, त्यांनीं निदान नगर सुटल्यावर कांहीं मिनिटें जागें राहावें. अरणगांवजवळ, शहरापासून नऊ-दहा किलोमीटरांवर, गाडी मेहेराबादच्या आवाराजवळून जाते. १० जुलै १९२५ पासून मौन धरलेले मेहेरबाबा ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत बोलले नाहींत. त्यांची समाधि येथल्या टेंकडीवर आहे. दरवर्षीं जानेवारीच्या अखेरीस अमरतिथीला देशोदेशींचे लोक या उजाड माळावर उतरतात, आणि त्यांतले कित्येक समुद्रापलीकडून केवळ एवढ्यासाठींच आलेले असतात. टेंकडीवरचा लहानसा घुमट दिवसाउजेडीं दिसूं शकतो. पुढचें स्थानक अकोळनेर. तेथें पोंचेपर्यंत तो मागें पडलेला असतो.